सेट करा, लावा की बसवा?

गेली अकरा वर्षे मी उपकरणांच्या पडद्यांवर दिसणाऱ्या मजकुराचे मराठीकरण करते. एक भला मोठा तक्ता येतो, त्याच्या डाव्या रकान्यात इंग्रजी शब्द किंवा वाक्ये असतात, उजवा रकाना रिकामा असतो आणि तो भरून परत पाठवायचा असतो. कोणता शब्द कोणत्या बटणावर दिसणार आहे हे बहुतेक वेळा कोणी सांगत नाही. चार वर्षांपूर्वी एका घड्याळवजा उपकरणाचा असाच तक्ता आला. त्यातल्या एका ओळीत ‘सेट’ एवढा एकच शब्द होता. त्याच्या वरच्या ओळीत गजरासाठी निवडायच्या तीन सुरावटींच्या ‘सेट’चा उल्लेख होता. मी वरच्या ओळीला ‘संच’ लिहिले आणि त्याच ओघात खालच्या ओळीलाही ‘संच’ लिहून मोकळी झाले. दीड महिन्याने चाचणी करणाऱ्या एका मुलाने पडद्याचे छायाचित्र पाठवले. मध्यभागी वेळेचे आकडे, खाली डावीकडे ‘रद्द करा’ आणि उजवीकडे, जिथे गजर पक्का करायचा तिथे, ठळक अक्षरांत ‘संच’. छायाचित्राखाली त्याने एवढेच विचारले होते, “मॅडम, हा कसला संच?”

चूक माझीच होती, कारण संदर्भ विचारण्याचा कंटाळा मी केला होता. पण ती दुरुस्त करायला बसले तेव्हा लक्षात आले की हा शब्द अनुवादकाला चकवण्यासाठीच घडवल्यासारखा आहे. इंग्रजीत तो क्रियापद आहे, नाम आहे आणि विशेषणही आहे. क्रियापद म्हणून त्याचे वर्तमानकाळाचे रूप, भूतकाळाचे रूप आणि धातुसाधित ही तिन्ही एकच. त्यामुळे तक्त्यात नुसते ‘अलार्म सेट’ दिसले, तर तो हुकूम आहे की बातमी, हे कळायला मार्ग नसतो. मराठीत हा घोळ होत नाही. ‘गजर लावा’ हा हुकूम, ‘गजर लावला’ ही घडलेली गोष्ट आणि ‘गजर लावलेला आहे’ ही सध्याची स्थिती. प्रत्ययानेच सगळे सांगून टाकलेले असते. इंग्रजीला प्रत्यय लागत नाहीत म्हणून ती सोपी, असे शाळेत आम्हांला सांगत असत. त्या सोपेपणाचा हिशेब अनुवादकाला चुकता करावा लागतो.

हा शब्द इंग्रजांनाही कमी जड गेलेला नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली वीस खंडांत निघाली. तिच्यातली सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती आणि ती सुमारे साठ हजार शब्दांची होती. नुसत्या क्रियापदाचे ४३० अर्थ, आणि त्याला ‘अप’, ‘ऑफ’, ‘इन’ अशी शेपटे जोडून होणारे वाक्प्रचार धरले तर सुमारे ५८०. साठ हजार शब्दांत एक बऱ्यापैकी कादंबरी होते. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी नोंदी नव्याने तपासायला घेतल्या तेव्हा हा मान २००० मध्ये ‘मेक’कडे, २००७ मध्ये ‘पुट’कडे आणि २०११ मध्ये ‘रन’कडे गेला. ‘रन’चे ६४५ अर्थ नोंदले गेले. पण अर्थांची संख्या आणि अनुवादकाची अडचण या दोन गोष्टी निराळ्या आहेत. ‘रन’ने मला क्वचितच अडवले आहे, कारण ‘धावणे’ आणि ‘चालणे-चालवणे’ या दोन क्रियापदांनी माझे बहुतेक काम भागते. ‘सेट’चे तसे भागत नाही.

त्याचे कारण व्युत्पत्तीत थोडेसे सापडते. ‘सेट’ हे ‘सिट’ या क्रियापदाचे प्रयोजक रूप आहे. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. जुन्या इंग्रजीत ही जोडी सरळ होती. दोहोंच्या मुळाशी जो प्राचीन धातू आहे तोच संस्कृतात ‘सद्’ म्हणून आहे, आणि म्हणून सदन, सभासद, संसद, उपनिषद हे सगळे शब्द ‘सेट’चे दूरचे भाऊबंद लागतात. आपले ‘बसणे’ मात्र या कुळातले नाही. ते ‘उपविश्’पासून प्राकृतातून ‘बैसणे’ होत आले आहे. घराणे वेगळे असूनही मराठीने जोडी मात्र तशीच ठेवली आहे: बसणे आणि बसवणे.

नाम म्हणून जो ‘सेट’ आहे, म्हणजे कपबशांचा किंवा पुस्तकांचा, त्याच्यात आणखी एक प्रवाह येऊन मिळालेला आहे. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मागे लॅटिनमधला ‘अनुयायांचा गट’ या अर्थाचा शब्द आहे. पंथ या अर्थाचा इंग्रजी ‘सेक्ट’ त्याच शब्दातून आला. त्याचा मूळ धातू ‘मागोमाग जाणे’ असा असून त्याचा संस्कृत भाऊ ‘सच्’ हा आहे, ज्यापासून आपला ‘सचिव’ तयार झाला. कोटविजारीचा सूटही याच घराण्यातला. म्हणजे ‘सोफा सेट’मधला सेट आणि ‘अलार्म सेट करा’मधला सेट हे जन्माने पुरते एक नाहीत, दोन नद्या एकत्र झाल्या आणि पुढे त्यांचे पाणी वेगळे ओळखता येईनासे झाले. माझ्या तक्त्यातल्या त्या दोन ओळी एकाखाली एक आल्या होत्या, पण त्यांतला एक शब्द सदनातला होता आणि दुसऱ्यात सचिवाचेही रक्त होते. हे मला वेळेवर माहीत असते तरी मी चुकलेच असते, ही गोष्ट वेगळी.

तर ‘बसवणे’. एकदा हे मूळ कळले की इंग्रजी ‘सेट’चे कितीतरी उपयोग मराठीत आपोआप आपल्या जागी येतात. हाडवैद्य निखळलेले हाड बसवतो, आणि इंग्रजीतही हाड ‘सेट’च करतात. सोनार कोंदणात खडा बसवतो, खुडूक कोंबडीला अंड्यांवर बसवतात, आणि या दोन्ही ठिकाणी इंग्रजी माणूस हाच शब्द वापरतो. आपण त्याच्याही पुढे गेलो आहोत. आपण गणपती बसवतो, नवरात्रात घट बसवतो, नव्या साहेबाने कचेरीत वचक बसवला असे म्हणतो, विस्कटलेल्या संसाराची घडी बसवतो, नाटक बसवतो. यांतल्या एकाही ठिकाणी इंग्रजीत ‘सेट’ चालत नाही. नाटकाची गंमत तर अशी आहे की रंगभूमीवर ‘सेट’ हा शब्द आपण इंग्रजीतूनच घेतला, पण तो फक्त नेपथ्यासाठी. तालमीत दिग्दर्शक नाटक बसवतो आणि प्रयोगाच्या दिवशी रंगमंच कामगार सेट लावतात. बसवणे माणसांकडे गेले आणि लावणे लाकूडकामाकडे.

नेमका हाच शब्द जिथे यायला हवा होता अशा एका ठिकाणी मराठीने ‘बसवणे’ नाकारले, आणि ते ठिकाण मी लहानपणापासून पाहिलेले आहे. माझे वडील जुळारी होते. आमच्या गावातल्या एका छोट्या छापखान्यात ते लग्नपत्रिका, हस्तपत्रके आणि एका साप्ताहिकाची पाने खिळ्यांनी, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांनी, जुळवत. डाव्या हातात पितळी स्टिक, समोर तिरकी मांडलेली केस, म्हणजे खिळ्यांच्या घरांची पेटी, आणि उजवा हात न पाहता एकेका घरातून खिळा उचलून स्टिकमध्ये ठेवत जाई. इंग्रजीला लहान-मोठी मिळून बावन्न अक्षरे आणि थोडी चिन्हे पुरतात. देवनागरीला काना-मात्रा आणि जोडाक्षरे यांमुळे त्याच्या कित्येक पट घरे लागत. वडिलांना मात्र ‘क्ष’ कुठे आणि ‘र्‍य’ कुठे हे स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखे पाठ होते. ओळ डावीकडून उजवीकडेच वाढत जाई, पण अक्षरे डोक्यावर उभी असत आणि तशीच ती वाचावी लागत. शाळेतून येताना मी तिथे थांबत असे आणि स्टिकमधली ओळ वाचण्याची माझी धडपड पाहून ते म्हणत, “उलटं वाचायला शिकलीस, की चुका सरळ दिसतात.”

या कामाला इंग्रजीत ‘टाइपसेटिंग’ म्हणतात. त्या भाषेने पाहिले ते एकेक खिळा त्याच्या जागी बसवणे. मराठी छापखान्याने पाहिले ते एका खिळ्याचे दुसऱ्याशी जुळणे. म्हणून काम जुळणीचे, मजकूर जुळवलेला आणि माणूस जुळारी. मला हा शब्द मूळ इंग्रजी शब्दापेक्षा अधिक नेमका वाटतो, कारण एक खिळा जागेवर बसला तरी शेजाऱ्याशी जुळला नाही तर ओळ हलते आणि फर्मा, म्हणजे जुळवलेल्या पानांची चौकट, आवळताना सगळे अक्षर निखळून जमिनीवर येते. संगणक आल्यावर जुळारी गेले, पण वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत ‘पान लावले का’ असे अजून विचारतात. म्हणजे तिथेही शेवटी ‘लावणे’च आले.

आणि हे ‘लावणे’ हाच ‘सेट’चा मराठीतला खरा जोडीदार आहे, असे माझे मत होत गेले आहे. व्युत्पत्तीने बसवणे जवळचे असेल, पण वापराने लावणे जवळचे. गजर लावतात, घड्याळ लावतात, सापळा लावतात, आग लावतात, पोरांना शिस्त लावतात, गवई तंबोरा लावतो, संगीतकार कवितेला चाल लावतो. यांतल्या बहुतेक ठिकाणी इंग्रजीत ‘सेट’ येऊ शकतो. आणि ‘सेट’प्रमाणेच ‘लावणे’ही कुठे थांबत नाही. आपण दिवा लावतो, झाड लावतो, कुंकू लावतो, दार लावतो, फोन लावतो, पैज लावतो, वर्णी लावतो, जीव लावतो, कागदपत्रांची विल्हेवाट लावतो आणि कधीकधी नको असलेल्या माणसाला वाटेलाही लावतो. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ची आणि वाढवलेली दुसरी १८५७ची. त्यात ‘लागणे’ आणि ‘लावणे’ या नोंदी उघडून पाहाव्यात. कोशकाराची दमछाक दोन्ही भाषांत एकाच जातीच्या शब्दाने केलेली दिसते. मराठी शिकणारा एखादा इंग्रज त्या काळी ‘लावणे’वर माझ्यासारखाच अडखळला असणार, आणि त्याच्याही हातून कोणाच्या तरी दाराला कुंकू लागले असणार, असे मला उगाचच वाटते.

लावणेची जोडीही सिट-सेटसारखीच आहे: दिवा लागतो, दिवा लावतात, दही लागते, दही लावतात. फरक इतकाच की इंग्रजी ‘सेट’ने पुढे सिटचे कामही बळकावले. जेली आपोआप घट्ट झाली तरी ‘सेट’ आणि कोणी काही ठेवले तरी ‘सेट’. सूर्यसुद्धा ‘सेट’ होतो, म्हणजे खाली बसतो. कर्ता आणि कर्म यांच्यातली भिंतच त्यांनी काढून टाकली. आपल्याकडे ती भिंत शाबूत आहे. थंडीच्या दिवसांत सकाळी पातेल्यावरचे झाकण काढून आई म्हणते, “लागलंच नाही आज”, तेव्हा त्यात दोष दह्याचा असतो. “नीट लावलं नव्हतंस”, असे वडील म्हणतात, तेव्हा तो आईचा असतो. एका अक्षराच्या फरकाने जबाबदारी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि आमच्या घरात या फरकावरून झालेले वाद मी ऐकलेले आहेत. आता पाककृतींत ‘दही सेट झाले’ असे लिहितात, त्यात कोणाचीच जबाबदारी राहत नाही.

स्वयंपाकाविषयी निघालेच आहे तर एक तक्रार नोंदवून ठेवते. आजकालच्या मराठी पाककृतींत प्रत्येक पदार्थ ‘सेट व्हायला’ ठेवतात. पुडिंग, चीजकेक, जेली यांच्याविषयी मला काही म्हणायचे नाही. ते पदार्थ आले तेव्हा आपला शब्द बरोबर घेऊन आले आणि फ्रीजमध्ये बसून ते जे काय करतात त्याला ‘सेट होणे’ हाच शब्द योग्य आहे. पण नारळाच्या वड्या सेट होत नाहीत. त्या पडतात. आजी कढईतला गोळा कडा सोडू लागला की चमच्यावर थोडेसे मिश्रण घेऊन ताटलीच्या काठावर टाकायची, बोटांनी त्याची गोळी वळते का बघायची, आणि मगच तूप लावलेल्या ताटात सगळे ओतून वाटीच्या बुडाने थापायची. सुरीने रेघा मारायची ती ते कोमट असतानाच, कारण गार झाल्यावर मारल्या तर कडा तुटतात. आणि सगळे जमले की निकाल एकच, “वड्या छान पडल्या.” जमले नाही तर, “वडी पडलीच नाही, खिरापत झाली.” या ‘पडणे’त पाकाची अवस्था, हाताचा अंदाज आणि सुरी मारण्याची वेळ हे सगळे आहे. ‘सेट’मध्ये त्यातले फक्त थंड होऊन घट्ट होणे येते. म्हणूनच पाककृती वाचून केलेल्या वड्या फ्रीजमध्ये चार तास ठेवूनही मऊच राहतात. त्यांना थंडीची गरज नव्हती, पाक पुढे जायला हवा होता.

बांधकामावर मात्र ‘सेट’ हा शब्द मोजूनमापून वापरलेला आहे आणि तो तिथे असावाच. सिमेंटमध्ये पाणी घातल्यापासून ते आपला मऊपणा सोडू लागेपर्यंतचा काळ आणि ते पुरते आकार धरेपर्यंतचा काळ हे दोन वेगळे मोजतात. साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी भारतीय मानकाप्रमाणे पहिला काळ ३० मिनिटांपेक्षा कमी असता कामा नये आणि दुसरा ६०० मिनिटांपेक्षा जास्त असता कामा नये. पहिला फार कमी असेल तर गवंड्याच्या थापीखालीच माल कडक होईल. दुसरा फार लांबला तर साचा काढायची वेळ येणार नाही. यातले एक बारीक सत्य असे की सेट झालेले सिमेंट कणखर झालेले नसते. ताकद त्यानंतर येते, आणि तिची कसोटी नेहमी २८ दिवसांवर घेतात. माझ्या चुलतभावाने घर बांधताना ‘सेट झालंय की’ म्हणून पाणी मारणे चौथ्या दिवशी थांबवले होते. त्याच्या गच्चीवरच्या भेगा अजून दिसतात.

बाकीच्या अर्थांची गर्दी मोठी आहे आणि त्यांतल्या बहुतेकांना मराठीने आपापला स्वतंत्र शब्द दिलेला आहे. परीक्षेचा पेपर ‘सेट’ करणारा प्राध्यापक आपल्याकडे प्रश्नपत्रिका काढतो आणि त्याला प्राश्निक म्हणतात. लग्नाची तारीख धरतात आणि मुहूर्त काढतात. पायंडा पाडतात, आदर्श घालून देतात, पाऊल ठेवतात, कैद्याला सोडतात. जेवणाचे टेबल ‘सेट’ करण्याला आपल्याकडे सर्वांत घरगुती शब्द आहे: “पानं घ्या.” ही तयारीही आहे आणि आमंत्रणही. केळीची पाने जाऊन स्टीलची ताटे आली, ताटे जाऊन काचेच्या बशा आल्या, तरी आमच्याकडे अजून पानेच घेतात. पाऊस ‘सेट इन’ होतो तेव्हा आपल्याकडे पाऊस लागतो, झड लागते किंवा तो ठाण मांडून बसतो. म्हणजे पुन्हा लागणे आणि बसणे.

मैदानावरचा ‘सेट’ आपण जसाच्या तसा घेतला. व्हॉलीबॉलचा सेट पंचवीस गुणांचा आणि पाचवा पंधराचा, हे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक असते. टेनिसमध्ये ‘सरळ सेटमध्ये पराभव’ ही इंग्रजीवरून उचललेली शब्दरचना आहे, पण ती आता मराठी क्रीडापानांवर इतकी रुळली आहे की तिला कोणी हरकत घेत नाही. सेट किती लांबू शकतो याचे टोक २०१०च्या विम्बल्डनमध्ये दिसले. जॉन इस्नर आणि निकोला माहू यांचा पाचवा सेट ७०-६८ असा संपला आणि एकटा तो सेट आठ तासांहून अधिक चालला. शर्यतीच्या सुरुवातीचा ‘सेट’ त्याच्या अगदी उलट, क्षणाचा. ‘ऑन युअर मार्क’ म्हटल्यावर गुडघा जमिनीला टेकतो आणि ‘सेट’ म्हटल्यावर कंबर वर उचलून धावपटू निश्चल होतो. हा हुकूम ४०० मीटरपर्यंतच्या शर्यतींनाच देतात. त्याहून लांबच्या शर्यतींत तो नसतो. आमचे पीटीचे सर तो शब्द असा ताणून उच्चारत की निम्मी मुले त्यातच पळून जात.

नामाकडे वळले की मराठीत ‘संच’ पुढे येतो. संचय करणे यातलाच हा शब्द, म्हणजे गोळा केलेले. नववीच्या गणितात ‘संच’ नावाचे प्रकरण असते आणि त्यात रिक्त संच, उपसंच, विश्वसंच यांची ओळख होते. गणितातल्या या कल्पनेचा पाया गेऑर्ग कँटर या जर्मन गणितज्ञाने १८७४ पासून घातला. त्याने वापरलेला जर्मन शब्द ‘मेंगे’ हा ढीग, पुष्कळसे, अशा अर्थाकडे झुकणारा आहे. इंग्रजीने त्याला ‘सेट’ म्हटले आणि आपण संच. माझ्या दृष्टीने तिघांत संच सरस आहे, कारण त्यात कोणीतरी ठरवून गोळा केल्याचा भाव आहे आणि संचाची व्याख्या करतानाही घटक निश्चितपणे सांगता आले पाहिजेत असेच शिकवतात. घरात मात्र संच कोणी म्हणत नाही. दुकानात जाऊन ‘सहा पेल्यांचा संच द्या’ म्हणणाऱ्याला दुकानदार सरकारी माणूस समजेल. तिथे डझन, अर्धा डझन, जोडी आणि आता सेट. कोल्हापुरात गळ्यातला तो साज, हातातला तो चुडा, भाजीची ती जुडी, पत्त्यांचा तो कॅट आणि ठरावीक मित्रांचे ते टोळके. इंग्रजीत यांतल्या कित्येकांना ‘सेट’ पुरला असता. उडप्याच्या हॉटेलातला ‘सेट दोसा’ हे नावही कर्नाटकातून आले. ताटलीत दोन-तीन मऊ दोसे एकत्र येतात म्हणून तो सेट, पण आमच्या इथला वेटर ‘एक सेट दोसा’ असे एकवचनात ओरडतो.

आणि मग असा एक ‘सेट’ आहे जो इंग्रजीला माहीत नाही. “पोरगा पुण्यात सेट झालाय.” या वाक्यातला सेट बहुधा ‘सेटल’चे शेपूट तुटून झालेला असावा. ‘सेटल’ हाही शब्द बैठक या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून, म्हणजे त्याच कुळातला आहे, त्यामुळे शेपूट तुटले तरी जात बदलली नाही. पूर्वी या जागी ‘जम बसला’, ‘स्थिरस्थावर झाला’ किंवा ‘मार्गी लागला’ असे म्हणत. मला ‘मार्गी लागला’ अधिक खरे वाटते, कारण त्यात मुलगा अजून चालतो आहे. ‘सेट झाला’ म्हटले की तो सिमेंटसारखा घट्ट झाल्याचा भास होतो. तरीही माझ्या तोंडात ‘सेट’च येते, हे कबूल केले पाहिजे. त्यातच महाराष्ट्र आणि गोवा या राज्यांसाठी सहायक प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते आणि तिचे नाव ‘सेट’. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीला नातेवाईक विचारतात, “झालीस का सेट?” ती म्हणते, “सेट होऊन सहा वर्षं झाली, सेट व्हायचं तेवढं राहिलंय.” नातेवाईकांना पहिल्यांदा ते कळत नाही.

‘सेटिंग’ तर पुरते मराठी झाले आहे. सेटिंग लावणे म्हणजे ओळखीने किंवा पैशाने एखादी गोष्ट आधीच जमवून ठेवणे. बदली, निविदा, रेल्वेचे आरक्षण, प्रेमप्रकरण, सगळ्यांची सेटिंग लागते. यात ‘लावणे’ आणि ‘सेट’ दोन्ही एकत्र आले आहेत, म्हणजे एकाच अर्थाचे दोन शब्द एकमेकांच्या खांद्यावर बसले आहेत, आणि त्यातून निघालेला अर्थ मात्र दोघांपैकी एकाचाही नाही. फोनमधल्या ‘सेटिंग्ज’चे मराठी ‘मांडणी’, ‘रचना’, ‘व्यवस्था’ असे करून मी पाहिले आहे. प्रत्येक वेळी चाचणी करणारे विचारतात, हे कुठे सापडायचे? शेवटी मी तिथे ‘सेटिंग्ज’च ठेवते, आणि त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही.

त्या ‘संच’ बटणाचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. घाईत मी तिथे आधी ‘सेट करा’ लिहिले, कारण त्यात चुकण्याची भीती नव्हती. ‘सेट करा’ हा आमच्या धंद्यातला छत्रीसारखा शब्द आहे. ऊन असो की पाऊस, उघडून डोक्यावर धरायचा. मग एका सुट्टीत आईकडे गेले होते. रात्री झोपताना ती म्हणाली, “पाचाचा गजर लाव गं, दूधवाला लवकर येतो.” मी फोन हातात घेतला आणि तिने न विचारता दिलेला शब्द पडद्यावर कुठेच नव्हता. दुसऱ्या दिवशी मी त्या कंपनीला पत्र लिहून सगळ्या ‘सेट’ ओळी संदर्भासकट मागवल्या. त्या एकूण एकवीस निघाल्या. गजराला ‘लावा’, पडद्यामागच्या चित्राला, म्हणजे वॉलपेपरला, ‘ठेवा’, तारखेला ‘ठरवा’, मर्यादेला ‘घाला’ आणि सुरावटींना ‘संच’ असे करत त्यांतल्या वीस जागी लागल्या.

एकविसावी ओळ सर्वांत शेवटच्या पडद्यावरची होती. उपकरणाची सगळी जोडणी पूर्ण झाली की हिरवी खूण येते आणि खाली ‘ऑल सेट’ असे शब्द दिसतात. जागा आठ अक्षरांची होती. ‘सर्व काही तयार आहे’ बसत नव्हते, ‘सगळे लागले’ म्हणजे जखमेबद्दल बोलल्यासारखे वाटत होते आणि ‘सज्ज’ने उपकरण लढाईला निघाल्यासारखे दिसत होते. दोन दिवस ती ओळ रिकामी ठेवली आणि तिसऱ्या दिवशी, पानजुळणी संपवून फर्मा आवळल्यावर वडील हात पुसताना जे म्हणत तेच लिहिले: ‘झालं!’